वजनाची शस्त्रक्रिया: आधीचे सहा आठवडे आणि नंतरचं वर्ष

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४१, टाइप २ मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू, रात्री मोठ्यानं घोरणं. दुर्बिणीतून करायची वजनाची शस्त्रक्रिया सहा आठवड्यांवर आली आहे, पण स्लीव्ह की बायपास हे अजून पक्कं नाही. आधी काय तयारी करायची, नंतर खाणं-पिणं कसं ठेवायचं, कामावर कधी जाता येईल आणि काय बिघडू शकतं?

ऑपरेशन टेबलावरचं काम साधारण एक ते दोन तासांचं, आणि ते सर्जनचं. घरी गेलेला पेशंट पुन्हा दाखल होतो तेव्हा टाके सुटलेत असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं, उलट्या अंगावर काढलेल्या असतात, नाहीतर एखादी जुनी गोळी जुन्याच डोसनं चालू राहिलेली असते. या तिन्ही गोष्टी पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातातल्या आहेत आणि त्यांची सवय ऑपरेशनच्या आधीच लावून घेता येते. म्हणून या उत्तरात कापण्या-जोडण्यापेक्षा त्यांवरच जास्त लिहितो.

स्लीव्ह की बायपास

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाकडचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे जागा कमी होते तशी भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलिलिटरच्या आसपासची पिशवी करून तिला लहान आतडं थेट जोडतात. बाकीचं जठर पोटात तसंच राहतं, फक्त त्यात अन्न जात नाही. पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्लीव्हनं मूळ वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासनं ३० टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. म्हणजे १२० किलोच्या माणसाचं अंदाजे ३० ते ३६ किलो. हे सरासरीचे आकडे आहेत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

निवड ठरवताना आम्ही आधी एंडोस्कोपीचा रिपोर्ट बघतो. अन्ननलिकेला ॲसिडनं जखमा झाल्या असतील किंवा जळजळ रोजचीच असेल, तर स्लीव्ह टाळलेली बरी. अरुंद नळीत दाब वाढतो आणि जळजळ बळावते. काहींना नंतर त्यासाठीच बायपास करून घ्यावी लागते. मधुमेह बरीच वर्षं मुरलेला असेल तर साखर उतरण्याच्या बाबतीत बायपासचं पारडं थोडं जड. उलट सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कायमच्या लागत असतील, किंवा सिगारेट सुटण्याची शक्यता दिसत नसेल, तर बायपास धोक्याची. जोडाजवळ अल्सर होतो, तो वाहतो, कधी फुटतोही. मिनी बायपास या त्याच्याच सुटसुटीत प्रकारात जोड दोनांऐवजी एकच असल्यामुळे वेळ कमी लागतो, पण पित्त वर येण्याची तक्रार राहू शकते.

तुमच्या बाबतीत मधुमेह बायपासकडे झुकतो. पण एंडोस्कोपी स्वच्छ असेल, मधुमेह नवा असेल आणि इन्सुलिन लागत नसेल, तर स्लीव्हही चुकीची नाही. एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा: स्लीव्ह उलट फिरवता येत नाही.

तपासण्या, आणि त्या कशासाठी

हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, लिव्हर, किडनी, रक्तातली चरबी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी, पोटाची सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी. यादी लांबलचक आहे, पण यातली जीवनसत्त्वांची तपासणी हमखास राहून जाते. जास्त वजनाच्या माणसाला पोषण भरपूर मिळत असणार असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात ड जीवनसत्त्व आणि लोह बऱ्याच जणांचं आधीच कमी निघतं. ही कमतरता आता भरून काढणं सोपं असतं. नंतर, विशेषतः बायपासनंतर, लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा तुकडाच वाटेतून गेलेला असतो.

मोठ्यानं घोरणं हे स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याचं, लक्षण असू शकतं, म्हणून झोपेची तपासणी आत्ताच करून घ्या. ॲप्निया निघाला तर सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) ऑपरेशनच्या आधी काही आठवडे रोज रात्री वापरायचं आणि दाखल होताना स्वतःचं मशीन, स्वतःचा मास्क बरोबर न्यायचा. भूल आणि वेदनाशामकं यांनी श्वास आधीच मंदावलेला असतो. त्या रात्री नव्या मास्कशी झटापट नको. मशीनमुळे हवा पोटात जाऊन टाके सुटतील अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात. ती खरी नाही. ऑपरेशनच्या रात्रीही सीपॅप लावायचंच.

एंडोस्कोपीत हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू सापडला तर त्याचा औषधांचा कोर्स आधी पूर्ण करायचा. तंबाखू कोणत्याही रूपात असो, निदान सहा आठवडे आधी बंद. तुमच्या तारखेकडे बघता म्हणजे आजच. एचबीएवनसी शक्यतो ६.५ ते ७ टक्क्यांवर आणायचा प्रयत्न करतात. मधुमेह जुना असेल तर ७ ते ८ पर्यंतही चालवून घेतात. त्याहून फार वर असेल तर तारीख पुढे ढकलावी लागली तरी वाईट वाटून घेऊ नका.

लिव्हर लहान करणारा आहार

जठराच्या पुढ्यात लिव्हरचा डावा भाग असतो. चरबी आणि ग्लायकोजेन (लिव्हरमध्ये साठवलेली साखर) यांनी तो फुगलेला असला की दुर्बिणीतून जठराचा वरचा कोपरा दिसत नाही, लिव्हर उचलताना फाटून रक्त येतं, प्रसंगी पोट उघडावं लागतं. म्हणून दोन ते चार आठवडे रोज ८०० ते १,००० कॅलरीचा, कर्बोदकं १०० ग्रॅमच्या आत ठेवणारा आणि प्रथिनं भरपूर असलेला आहार देतात. ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीन-चार पट पाणी धरून ठेवतो. तो संपला की लिव्हर झपाट्यानं आक्रसतं आणि मऊ पडतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जी मोठी घट दिसते तीही बरीचशी या पाण्याचीच.

पहिले तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, तोंडाला वास येतो. पाणी दोन लिटरपर्यंत प्या, मीठ एकदम तोडू नका, चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं. एक दिवस चुकलात तर दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करू नका, पुन्हा आखलेल्या आहारावर या. ‘शेवटचं जेवण’ म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दोन दिवसांत ताव मारणं मात्र अंगाशी येतं, कारण ग्लायकोजेन तेवढ्या वेळात परत भरतो.

यात एक खरा धोका आहे. कर्बोदकं अचानक निम्म्यावर आली आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन जुन्याच डोसनं चालू राहिलं तर साखर धाडकन खाली येते. आहार ज्या दिवशी सुरू होणार त्याच्या आधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून घ्यायचा आणि दिवसातून तीन-चारदा साखर मोजायची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात. बरीच पथकं आहार सुरू होतानाच थांबवतात. या गोळ्यांवर असताना खाणं कमी झालं की रक्तात कीटोन साठून आम्लता वाढू शकते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे ते पटकन लक्षातही येत नाही. सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपॅटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगा. या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं आणि उपाशी पोटीही आत अन्न असू शकतं.

रक्त पातळ करणारी औषधं स्वतःच्या मनानं थांबवू नका, चालूही ठेवू नका. लेखी सूचना मागून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या महिनाभर आधी आणि रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोन्स तीन आठवडे आधी बंद करतात, कारण पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. बंद केल्यावर दुसरं साधन वापरायचं, हे सांगायचं राहून जातं.

घरची रंगीत तालीम

दवाखान्यात मिळालेला कागद ऑपरेशननंतर वाचायचा नसतो, आधीच करून बघायचा असतो. आत्ताच चार सवयी लावा. घास चहाच्या चमच्याएवढा घ्यायचा आणि वीसेक वेळा चावून लगदा झाल्यावरच गिळायचा. एक जेवण २० ते ३० मिनिटं चालवायचं. जेवताना पाणी बंद, आणि जेवल्यावर अर्धा तास थांबून मगच पाणी. आणि दिवसभर घोट घोट पाणी पीत राहायचं. चौथी सवय सगळ्यात अवघड, कारण एका दमात पेलाभर पाणी पिण्याची सवय आयुष्यभराची असते.

३० मिलिलिटरची खूण असलेलं छोटं माप, लहान चमचे, गोळ्या कुटायचं साधन, पातळ किंवा चघळायची पॅरासिटामॉल आणि चघळायची जीवनसत्त्वं आधीच आणून ठेवा. प्रोटीन पावडरची मोठी बरणी मात्र आणू नका. ऑपरेशननंतर चव आणि वास दोन्ही बदलतात, आणि आज आवडलेली व्हॅनिला महिनाभरानं नकोशी होते. तीन-चार चवींची छोटी पाकिटं आणा, त्यात एखादी बिनचवीचीही असू द्या.

नेहमीच्या गोळ्यांची यादी करून प्रत्येकीपुढे लिहून घ्या: कुटता येते का, पातळ मिळते का, डोस बदलायचा का. ‘एक्सआर’, ‘एसआर’, ‘ईआर’ अशी अक्षरं असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. बायपासनंतर त्या नीट शोषल्या जातीलच असंही नाही. मेटफॉर्मिन बऱ्याच जणांना याच रूपात चालू असते, तिच्या जागी साधी किंवा पातळ मेटफॉर्मिन लिहून घ्या.

ऑपरेशनचा दिवस आणि दवाखान्यातले दिवस

घन पदार्थ निदान सहा तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. शुद्धीवर आल्यावर बऱ्याच जणांचं पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो. पोट फुगवायला वापरलेला कार्बन डायऑक्साइड श्वासपटलाला डिवचतो आणि ते दुखणं नसांच्या वाटेनं खांद्यात जाणवतं. चालल्यावर दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. मळमळ पहिल्या दिवशी जवळपास ठरलेलीच, स्लीव्हमध्ये जरा जास्त. ती सोसत पडून राहू नका, औषध मागा.

त्याच दिवशी, काही तासांतच, उठून चालायला लावतात आणि श्वासाच्या खेळण्यासारख्या उपकरणानं जागेपणी दर तासाला दहा वेळा खोल श्वास घ्यायला सांगतात. पहिलं पायातल्या गुठळीसाठी, दुसरं फुप्फुसाचा तळ मिटून न्यूमोनिया होऊ नये म्हणून. गुठळी टाळण्याची इंजेक्शनं धोका जास्त असलेल्यांना घरी गेल्यावरही दोन ते चार आठवडे घ्यावी लागतात. ती टोचायला दवाखान्यात असतानाच शिकून घ्या. एक ते तीन दिवसांत घरी सोडतात.

पहिला पंधरवडा: पाणी, नाडी आणि रक्तदाब

पाण्याचं गणित सोपं आहे. दर १५ मिनिटांना ३० मिलिलिटर, म्हणजे तासाला १२० मिलिलिटर. चौदा तास जागे असाल तर १,६८० मिलिलिटर होतं, आणि दिवसाला १.५ ते २ लिटर हेच लक्ष्य आहे. अडचण एवढीच की दुपारी तीन तास झोप लागली तर साडेतीनशे मिलिलिटर गेलं, आणि ते नंतर एकदम पिऊन भरून काढता येत नाही. गजर लावा. थंड पाणी जात नसेल तर कोमट करून बघा, साध्या पाण्यानं मळमळत असेल तर पातळ सूप किंवा बर्फाचे तुकडे चोखून बघा. सोडा आणि फसफसणारी पेयं नकोत. स्ट्रॉनं बऱ्याच जणांच्या पोटात हवा जाते.

लघवी गडद, दिवसातून तीनदाही नाही, उभं राहिल्यावर अंधारी, डोकेदुखी: शरीर कोरडं पडतंय. चोवीस तासांत एक लिटरही पोटात गेलं नसेल तर फोन करायचा. उद्यापर्यंत थांबू नका, सलाइन लावलं की काही तासांत माणूस टवटवीत होतो. थांबण्याची किंमत किडनी मोजते, आणि क्वचित आतड्याच्या शिरेत गुठळी होते. तिचं दुखणं मोघम असतं आणि साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं, म्हणून ती ओळखायला अवघड.

रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते बहुतेक ऑपरेशनपासूनच थांबवतात. उरलेल्यांचा डोसही झपाट्यानं कमी होऊ शकतो, म्हणून घरी रोज सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहायचा. साखरेचंही तसंच. बायपासनंतर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनचे जुने डोस या काळात घातक ठरतात.

आता गळतीविषयी. जठर कापून स्टेपलनं (धातूच्या बारीक टाक्यांनी) शिवलेल्या रेषेतून किंवा जोडातून पोटातला द्रव बाहेर झिरपणं हा सर्वात भयंकर प्रकार. शंभरात साधारण एकाला होतो. स्लीव्हमध्ये तो बहुधा वरच्या कोपऱ्याला, अन्ननलिकेजवळ, आणि बरेचदा घरी गेल्यावर दिसतो. जाड पोटात दाबल्यावर दुखणं, पोट कडक होणं ही नेहमीची चिन्हं उशिरा येतात. आधी वाढते ती नाडी. शांत बसलेलं असताना नाडी सतत १२० च्या वर, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, कमी होण्याऐवजी वाढत जाणारं पोटाचं दुखणं, नव्यानं सुरू झालेलं डाव्या खांद्याचं दुखणं, धाप, किंवा ‘काहीतरी भयंकर होणार’ असं सारखं वाटणं: यातलं काहीही असलं तर रात्र असली तरी तडक इमर्जन्सीला जायचं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर हा १२० चा आकडा गाठला जाणार नाही. तुमच्यासाठी १०० देखील धोक्याची घंटा असू शकते, आणि हे तिथल्या डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं. एक पोटरी सुजणं किंवा अचानक धाप लागणं म्हणजे गुठळीची शंका. तिथेही तेवढीच घाई हवी.

खाण्याचे टप्पे

प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तुमच्या केंद्राचंच पाळा. साधारण क्रम असा: पहिले एक-दोन दिवस गाळीव, स्वच्छ द्रव, मग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दूध, पातळ दही, प्रोटीनचं पेय, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत अन्न, पाचव्या-सहाव्यात काट्यानं चुरडता येईल असं मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीचं. या टप्प्यांमागे स्टेपलची रेषा भरून यायला लागणारा वेळ आहे. ‘मला काही त्रास होत नाही’ म्हणून दहाव्या दिवशी पाव खाणारे भेटतात. त्रास न होणं म्हणजे जखम भरली असं नाही.

प्रथिनं रोज निदान ६० ग्रॅम, शक्यतो ८०. एका अंड्यात सहा ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात साडेसहाच्या आसपास, शिजवलेल्या १०० ग्रॅम माशात वीस-बावीस, व्हे पावडरच्या (दुधापासूनच्या प्रोटीन पावडरच्या) एका मापात २० ते २५. सुरुवातीला एका वेळी तीन-चार चमच्यांवर पोट भरतं, म्हणून पावडरशिवाय हा आकडा गाठणं जवळपास अशक्य. दुधात चमचाभर सायविरहित दूध पावडर मिसळली तर तेवढ्याच घोटांत प्रथिनं वाढतात. बायपासनंतर काहींना दूध नव्यानं सोसेनासं होतं, पोट फुगतं, जुलाब होतात. त्यांनी व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढलेली पावडर, वापरावी. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर कर्बोदकं.

अडकण्यात पटाईत पदार्थ ठरलेले आहेत: मऊ पाव, चिकट भात, कोरडी चिकन, धागेदार भाज्या. छातीत मधोमध दाब, तोंडात लाळ सुटणं, मग फेसाळ ओकारी, हे अन्न अडकल्याचं चित्र. त्यावर पाणी प्यायचं नाही, कारण पाणी वरच साचतं. उभं राहा, चाला, वाट बघा. असं एकदा झालं तर घास मोठा होता. रोज होऊ लागलं, आणि आधी जाणारं अन्नही जाईना, मग पाणीही जाईना, तर जोड किंवा नळी अरुंद झाली असण्याची शक्यता आहे. ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतं आणि एंडोस्कोपीतून फुग्यानं ताणून सुधारतं.

उलट्यांवर आणखी एक गोष्ट, आणि या उत्तरातली ही सगळ्यात महत्त्वाची. शरीरात थायमिनचा, म्हणजे बी१ चा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्या सुरूच राहिल्या आणि गोळ्या पोटात टिकल्या नाहीत तर तो संपतो. मग डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं, आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायम राहतं. अशा पेशंटला नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं. म्हणून आधी शिरेतून थायमिन, मग ग्लुकोज. तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखान्यात गेल्यावर ‘थायमिन दिलंत का?’ असं घरच्यांनी बेधडक विचारावं. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

जन्मभराच्या गोळ्या

चघळायचं पूर्ण ताकदीचं मल्टिव्हिटॅमिन रोज, त्यात थायमिन निदान १२ मिलिग्रॅम. बी१२ रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम तोंडानं किंवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. ड३ रोज ३,००० युनिट, रक्तातली पातळी मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या वर येईपर्यंत आणि नंतर त्या हिशेबानं. लोह स्लीव्ह झालेल्या पुरुषाला १८ मिलिग्रॅम पुरतं. पाळी येणाऱ्या स्त्रिया आणि बायपासवाले यांना ४५ ते ६०. कॅल्शियम दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, शक्यतो सायट्रेट, कारण कार्बोनेट विरघळायला ॲसिड लागतं आणि ते आता कमी झालेलं असतं.

गोंधळ होतो वेळांचा. शरीर एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम नीट शोषत नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून घ्यायचं. कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्या वाटेत येतात, त्यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी या दोघांपासून चार तास लांब. झोपताना लोह आणि दिवसभरात विभागून कॅल्शियम, ही मांडणी बहुतेकांना जमते. जेलीच्या गोड गोळ्यांवर विसंबू नका. त्यांत लोह नसतं किंवा नावापुरतं असतं, थायमिनही बरेचदा नसतं.

पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल निदान तीन महिने, आणि पित्ताशय जागेवर असेल तर उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड सहा महिने देतात. वजन झपाट्यानं उतरताना पित्तात खडे होतात, ते टाळण्यासाठी. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन बायपासनंतर कायमची बंद, स्लीव्हनंतरही शक्यतो टाळायची. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांत ती मिसळलेली असतात, पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नका.

रक्त तपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी.

काम, व्यायाम आणि अंगाच्या तक्रारी

बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांत, अंगमेहनतीचं चार ते सहा आठवड्यांनी. तोवर चार-पाच किलोपेक्षा जड उचलायचं नाही. झोप आणणारी वेदनाशामकं बंद झाली आणि करकचून ब्रेक दाबताना पोट दुखत नाही असं जाणवलं की गाडी चालवा. चालणं पहिल्या दिवसापासून. सहा आठवड्यांनंतर आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचा व्यायाम. तो टाळला तर उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूंचा वाटा वाढतो.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा आठ-दहा दिवस हलत नाही आणि सगळे घाबरतात. संपलेला ग्लायकोजेन पाण्यासकट थोडा परत भरत असतो. चरबी त्या दिवसांतही कमी होत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळतात. ऑपरेशनच्या ताणानं एकदम विश्रांतीत गेलेली मुळं तेव्हा केस सोडतात. सहा-आठ महिन्यांत नवे येतात. वर्षभरानंतरही केसगळती सुरूच असेल तर लोह, जस्त आणि प्रथिनं तपासा, बायोटिनच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

बायपासनंतर गोड पेय घेतल्यावर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब आणि आडवं व्हावंसं वाटणं याला डम्पिंग म्हणतात: दाट साखर आतड्यात एकदम उतरते आणि रक्तातलं पाणी आत ओढून घेते. याहून वेगळा प्रकार म्हणजे जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर घसरणं. तो बहुधा वर्ष उलटल्यावर सुरू होतो. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि सावरल्यावर लगेच थोडं प्रथिन खा. नुसतं गोड खात राहिलं तर इन्सुलिनचा पुढचा झटका येतो आणि चक्र चालू राहतं.

दारू बायपास किंवा स्लीव्हनंतर पटकन आणि जास्त चढते. पहिलं वर्ष टाळाच. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून व्यसन लागण्याचं प्रमाण वाढतं हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावं. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरताच पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहतात, तर बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नाही. कॉपर टी किंवा इम्प्लांट बरं. मन उदास होणं, जोडीदाराशी खटके, स्वतःला इजा करण्याचे विचार, हेही घडतं, आणि मुख्यतः पहिला उत्साह ओसरल्यावर. वजन छान उतरतंय म्हणून ते दडपून ठेवू नका, पथकाला सांगा.

दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत येतं, त्यात वावगं काही नाही. फार वाढत असेल तर आधी बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम यांसारख्या विरघळून घसरत जाणाऱ्या पदार्थांकडे बघा. त्यांना जठराचा लहान आकार अडवत नाही.

पाकिटातलं कार्ड

वर्षा-दोन वर्षांनी पोट दुखलं तर तुम्ही बहुधा दुसऱ्याच दवाखान्यात, बॅरिॲट्रिकची, म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रियांची, सवय नसलेल्या डॉक्टरांसमोर असाल. म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवा आणि त्यावर एवढं लिहा: कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला, सर्जनचा फोन. नाकातून जठरात नळी न बघता घालू नये. आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं देऊ नयेत. उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन. आणि बायपास झाली असेल तर आणखी एक ओळ: खाल्ल्यावर येणारी, येऊन-जाऊन राहणारी पोटातली कळ म्हणजे आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. वजन उतरल्यावर या फटी मोठ्या होतात, सीटी स्कॅन साफ आला तरी ही शंका संपत नाही, आणि अशा वेळी सर्जनला बोलावून दुर्बिणीतून बघावं लागतं.